‘मी तीस वर्षं गाडी चालवतोय’: अनुभवी चालकांना हेल्मेटमधून सूट दिली तर काय होतं?

पुण्यात हेल्मेटसक्तीची बातमी आली की दोन दिवसांत कट्ट्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हटकून येतं: ‘अहो, अमेरिकेतसुद्धा सक्ती नाही, मग आपल्याकडेच कशाला?’ त्यामागोमाग दुसरं वाक्य येतं: ‘नवशिक्या पोरांना करा सक्ती. मी तीस वर्षं गाडी चालवतोय, माझ्यामागे का लागता?’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसऱ्याची गंमत अशी की अमेरिकेतल्या काही राज्यांनी नेमकं तेच कायद्यात लिहून पाहिलं आहे. वय अमुक, अनुभव तमुक, खिशात विमा, तर हेल्मेट घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. सगळ्यात अलीकडचं राज्य नेब्रास्का. तिथं १ जानेवारी २०२४ पासून २१ वर्षं पूर्ण केलेल्या आणि सुरक्षित चालनाचा ठरावीक कोर्स केलेल्या चालकाला उघड्या डोक्यानं गाडी चालवता येते. त्याआधी १९८९ पासून तिथं सगळ्यांना हेल्मेट बंधनकारक होतं.

म्हणजे कल्पनेवर भांडायची गरज नाही. प्रयोग झालेले आहेत आणि त्यांचे आकडेही आहेत.

## अमेरिकेत नेमका नियम काय?

अमेरिकेत हेल्मेटचा कायदा देशाचा नसतो, राज्याचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘सरसकट सक्ती’ म्हणजे चालवणारा, मागे बसलेला, म्हातारा, तरुण, सगळ्यांना हेल्मेट. ‘अंशतः सक्ती’ म्हणजे काहींना हेल्मेट, काहींना सूट. आज १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये सरसकट सक्ती आहे. ३० राज्यांत अंशतः सक्ती आहे. इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या तीनच राज्यांत कुणालाच बंधन नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही दोन्ही बडी राज्यं सरसकट सक्तीची आहेत, हे ‘अमेरिकेत बघा’ म्हणणाऱ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

अंशतः सक्तीच्या बहुतेक राज्यांत फक्त वयाची अट आहे. मोजक्या राज्यांनी मात्र ‘अनुभवी प्रौढ’ ही कल्पना गंभीरपणे घेतली. पेनसिल्व्हेनियात २००३ पासून वय २१ आणि दोन वर्षांचं लायसन्स, किंवा कोर्स. मिशिगनमध्ये २०१२ पासून तशीच अट आणि वर २० हजार डॉलरचा वैद्यकीय विमा. फ्लोरिडात २००० पासून वय २१ आणि १० हजार डॉलरचा विमा. मिझुरीत २०२० पासून वय २६ आणि आरोग्य विमा. डेलावेअरची तऱ्हा आणखी वेगळी: तिथं प्रौढ चालकानं हेल्मेट जवळ बाळगलं पाहिजे, डोक्यावर नसलं तरी चालेल. कोपरात हेल्मेट अडकवून सिग्नलला उभे राहणारे आपले लोक तिथं कायद्याचं तंतोतंत पालन करणारे ठरतील.

## सक्ती आली, गेली, पुन्हा आली

ही सगळी खिचडी झाली कशी? १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर केंद्रानं राज्यांना सांगितलं की हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांच्या निधीला कात्री लागेल. पैशांचा प्रश्न आल्यावर राज्यं मुकाट्यानं हलली. १९७५ पर्यंत ४७ राज्यांत सरसकट सक्ती झाली होती. मग दुचाकीस्वारांच्या संघटना पेटून उठल्या, आणि १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं निधी कापण्याचा तो अधिकारच काढून घेतला. पुढच्या चारेक वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी आपापले कायदे मोडीत काढले किंवा सैल केले.

लुइझियानाचा प्रवास तर झोपाळ्यासारखा आहे. १९६८ मध्ये सक्ती आणली, १९७६ मध्ये सैल केली, १९८२ मध्ये परत आणली, १९९९ मध्ये पुन्हा सैल केली. त्या वेळचे गव्हर्नर माइक फॉस्टर स्वतः मोटरसायकलवाले होते. २००४ मध्ये सरसकट सक्ती पुन्हा आली. एकाच राज्यानं इतक्या वेळा मत बदललं, त्यामुळे अभ्यासकांची मात्र चांगली सोय झाली.

उलट दिशेचं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथं १९९२ पासून सरसकट सक्ती आली. १९९१ मध्ये दुचाकीवर ५२३ मृत्यू झाले होते, १९९२ मध्ये ३२७ झाले. सगळी घट हेल्मेटमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. सक्ती आली की काही हौशी मंडळी गाडी चालवणंच कमी करतात, त्याचाही त्यात वाटा असतो. पण एका वर्षात एवढी उतरण आपोआप होत नाही.

## हेल्मेट करतं तरी काय?

बऱ्याच जणांना वाटतं की हेल्मेटचं काम वरचं कडक कवच करतं. कवच लागतंच, ते खडा, लोखंड, फुटपाथची कड आत घुसू देत नाही आणि मार पसरवतं. पण जीव वाचवणारा भाग आत असतो, आणि तो असतो साधा थर्माकोल. क्रिकेटमध्ये वेगानं आलेला चेंडू झेलताना हात मागे नेतात. चेंडू तोच, वेग तोच, पण थांबायला थोडं जास्त अंतर मिळतं आणि तळहात फुटत नाही. थर्माकोल चेचला जातो तेव्हा डोक्याला तेवढंच जास्तीचं अंतर मिळतं.

थोडं गणित करू. उभ्या माणसाचं डोकं साधारण पावणेदोन मीटर उंचीवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते जमिनीवर आलं, तर आपटताना त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास असतो. गाडीचा वेग यात धरलेलाच नाही. डांबरावर उघडं डोकं दोनेक मिलिमीटरमध्ये थांबलं आणि हेल्मेटमधलं डोकं २५ मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरा. सरासरी हिसका साडेबारा पटींनी कमी होतो. कवटीच्या आत मेंदू सुटा, पाण्यात तरंगल्यासारखा असतो. त्याला इजा करतो तो हा हिसकाच. ‘शहरात माझी गाडी तीसच्या वर जातच नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर बघावा.

यातून आणखी दोन गोष्टी कळतात. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचा थर्माकोल दबलेला असतो आणि परत फुगत नाही. बाहेरून चकचकीत दिसलं तरी ते हेल्मेट संपलेलं असतं. आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल तर पहिल्या धक्क्यालाच हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे जातं.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अंदाजानुसार हेल्मेटमुळे चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतो. जगभरच्या अभ्यासांचा २००८ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा ४२ टक्के सांगतो, आणि डोक्याच्या दुखापतींबाबत ६९ टक्के. म्हणजे हेल्मेट घालूनही माणसं मरतात. छाती आणि पोटावरचा मार हेल्मेट थांबवू शकत नाही. ते कवचकुंडल नाही, धोका बराच कमी करणारी एक वस्तू आहे.

## ‘पण मी पडतच नाही’

आता मुद्दा अनुभवाचा. अनुभवानं माणूस चांगला चालक होतो, यात शंका नाही. खड्डा आधी दिसतो, रिक्षा कधी वळणार ते तिच्या चाकावरून कळतं, पावसात ब्रेक कसा दाबायचा ते हाताला माहीत असतं. या सगळ्यानं अपघात होण्याची शक्यता कमी होते. पण हेल्मेटचं काम अपघात सुरू झाल्यावर सुरू होतं. त्या क्षणी तीस वर्षांच्या अनुभवानं कवटी जाड झालेली नसते.

शिवाय अपघाताला तुम्हीच कारण असता असं थोडंच आहे? लॉस एंजलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन हॅरी हर्ट यांच्या पथकानं तपशील गोळा केला. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुचाकीची धडक दुसऱ्या वाहनाशी, बहुतेकदा कारशी झाली होती. आणि दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनचालकाची होती. दुचाकीला आधी जायचा हक्क असताना त्यानं गाडी आडवी घातली होती. नेहमीचं दृश्य म्हणजे समोरून आलेली कार चौकात अचानक वळते. ‘मला दिसलाच नाही’ हे त्या कारवाल्याचं ठरलेलं उत्तर. चालकाला सावरायला मिळणारा वेळ बहुतेकदा दोन सेकंदांहून कमी होता.

दोन सेकंदांत कसलेला चालक नवख्यापेक्षा बरं काही करेलही. पण चूक करणारा दुसराच असेल, तर तुमचा अनुभव निम्म्याच कामाचा उरतो.

आणखी एक गोष्ट सूटवाल्यांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये दुचाकीवर मरणाऱ्यांत पन्नाशीपुढचे जेमतेम ३ टक्के होते. आता तो वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. मुलं शिकून बाहेर पडली, कर्ज फिटलं, मग तरुणपणी राहून गेलेली मोठी मोटरसायकल घेतली, अशी ही पिढी. त्यांच्याकडे लायसन्स जुनं असतं, पण शरीरही जुनं झालेलं असतं. तोच मार पंचविशीतलं डोकं सोसतं, साठीतलं सोसत नाही. कायद्यातला ‘प्रौढ’ हा शब्द विवेकाचा पुरावा म्हणून वापरलेला असतो. हाडांना तो वाचता येत नाही.

## सूट दिली, पुढे काय झालं?

पेनसिल्व्हेनियापासून सुरुवात करू, कारण तिथली अट नेमकी ‘अनुभवी प्रौढ’ अशी होती. सुटीआधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन वर्षांची तुलना झाली. अपघातात सापडलेल्यांपैकी हेल्मेट घातलेल्यांचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर आलं. डोक्याच्या दुखापतीनं होणारे मृत्यू ६६ टक्क्यांनी वाढले.

इथं चिकित्सक वाचक लगेच म्हणेल: ‘थांबा. त्या काळात मोटरसायकलीच वाढल्या असतील तर?’ अगदी रास्त शंका. गाड्या वाढल्या होत्याच. म्हणूनच अभ्यासकांनी डोकं सोडून इतर दुखापतीही मोजल्या. गाड्या वाढल्या तर हातपाय मोडण्याचं प्रमाणही त्याच मापानं वाढायला हवं. ते वाढलं: इतर दुखापतींमुळे रुग्णालयात दाखल होणारे २८ टक्क्यांनी वाढले. पण डोक्याच्या दुखापतीमुळे दाखल होणारे ७८ टक्क्यांनी वाढले. या दोन आकड्यांमधली दरी गाड्यांच्या संख्येनं भरून निघत नाही.

फ्लोरिडात १९९७ ते १९९९ या तीन वर्षांत ५१५ दुचाकीस्वार मेले, आणि सूट आल्यानंतर २००१ ते २००३ मध्ये ९३३. इथंही गाड्यांची नोंदणी बरीच वाढलेली होती, त्यामुळे सगळी वाढ कायद्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण याच अहवालातल्या दुसऱ्या एका आकड्याकडे आपण पुढे येऊ, तो मला मृत्यूंच्या एकूण संख्येहून बोलका वाटतो.

मिशिगनचा निकाल मात्र सरळ नाही, आणि तो लपवायचं कारण नाही. तिथं सुटीनंतर हेल्मेटचा वापर बराच घसरला. दुचाकी अपघातातल्या जखमींमध्ये डोक्याच्या दुखापती १४ टक्क्यांनी वाढल्या, मेंदूच्या शस्त्रक्रिया वाढल्या. पण पहिल्या काही काळात राज्यातल्या एकूण दुचाकी मृत्यूंत ठळक वाढ दिसली नाही. सूट मागणारे हाच आकडा पुढे करतात. तो खरा आहे. पण त्याच अभ्यासात हेल्मेट न घातलेल्यांचा अपघातात मरण्याचा धोका घातलेल्यांच्या दुपटीच्या आसपास निघाला. आणि मेंदूला मार लागून वाचलेला माणूस मृत्यूच्या तक्त्यात येत नाही. तो घरच्या कॉटवर असतो.

अमेरिकी डॉक्टरांच्या बोलीत मोटरसायकलला एक क्रूर टोपणनाव आहे: ‘डोनरसायकल’, म्हणजे अवयवदाते पुरवणारी गाडी. अर्थशास्त्रज्ञांनी तेही मोजलं. सरसकट सक्ती काढलेल्या राज्यांत वाहन अपघातांतून होणारं अवयवदान सुमारे १० टक्क्यांनी वाढलं होतं.

## अनुभव डोक्यावर दिसत नाही

आता फ्लोरिडाचा तो आकडा. सूट होती फक्त २१ आणि त्यापुढच्यांना. २१ च्या आतल्यांना हेल्मेट आधीही सक्तीचं होतं आणि नंतरही. म्हणजे त्यांच्यात काही बदलायला नको होतं. पण त्या वयोगटातले मृत्यू आधीच्या तीन वर्षांतल्या ३५ वरून नंतरच्या तीन वर्षांत १०१ वर गेले, आणि मेलेल्यांत हेल्मेट नसलेल्यांचं प्रमाणही वाढलं.

का? चौकात उभ्या पोलिसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सरसकट सक्ती असेल तर काम सोपं: डोकं उघडं दिसलं की हात करायचा. सूट आली की त्याला लांबून ठरवायचं आहे की हा वीस वर्षांचा आहे की बावीस, लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं आहे की दोन महिन्यांपूर्वीचं, कोर्स केलाय का, विमा चालू आहे का. यातलं काहीही हेल्मेट नसलेल्या माणसाकडे बघून कळत नाही. मग पोलीस कुणालाच थांबवत नाही. मिझुरीच्या कायद्यानं तर निव्वळ हेल्मेट तपासायला गाडी थांबवायचीच नाही असं पोलिसांना सांगून टाकलं आहे.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथं आहे. अनुभवी चालकांना दिलेली सूट अनुभवी चालकांपुरती राहत नाही. कागदावर ती एका गटासाठी असते, रस्त्यावर सगळ्यांना मिळते.

पेनसिल्व्हेनियातलंच एक गाजलेलं प्रकरण बघा. बेन रॉथलिसबर्गर हा पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच्या संघानं सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये पिट्सबर्गमध्ये त्याच्या मोटरसायकलसमोर एक कार वळली (तोच हर्टच्या अहवालातला प्रसंग), आणि तो उघड्या डोक्यानं तिच्यावर आदळला. जबडा आणि चेहऱ्याची हाडं मोडली, कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. नंतर निष्पन्न झालं की त्याच्याकडे मोटरसायकलचं पक्कं लायसन्सच नव्हतं. शिकाऊ परवान्याची मुदतही संपली होती. कायद्यानुसार त्याला हेल्मेट घालणं भाग होतं. अनुभवाची अट पाळली गेली नाही, हे अपघातानंतर कळलं. अशी अट अपघाताआधी तपासायची सोयच नसते.

## ‘विमा काढलाय की!’

विम्याच्या अटीमागे विचार असा: डोकं फुटलं तर खर्च त्याचा तो करेल, करदात्यांवर भार नको. ऐकायला ठीक आहे. पण फ्लोरिडातल्या पाहणीत असं दिसलं की डोक्याला मार लागून दाखल झालेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून कमी लोकांचा खर्च १० हजार डॉलरच्या आत होता. बाकीच्यांचा त्यापुढे गेला. अमेरिकेत मेंदूच्या दुखापतीचे पहिले काही दिवसच एवढी रक्कम खाऊन टाकतात. त्यानंतरची फिजिओथेरपी, बोलायला नव्यानं शिकणं, नोकरी जाणं, बायकोनं नोकरी सोडून घरी बसणं, हे कुठल्याच पॉलिसीच्या रकान्यात पूर्ण मावत नाही.

## ‘माझं डोकं, माझा निर्णय’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि आकड्यांनी तो सुटत नाही. सिगारेट ओढायला, डोंगरकडे चढायला सरकार आडवं येत नाही, मग हेल्मेटलाच का? अमेरिकेतल्या न्यायालयांतही यावर एकमत नव्हतं. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये तिथला हेल्मेट कायदा रद्द केला. त्या राज्यात आजतागायत सक्ती नाही.

मॅसॅच्युसेट्सचा खटला उलट गेला. १९७२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं म्हटलं, त्याचा आशय असा: जखमी होताक्षणी या माणसाला रस्त्यावरून समाज उचलतो, सरकारी रुग्णालयात समाज नेतो, नोकरी गेली तर भत्ता समाज देतो, कायमचा अधू झाला तर त्याला आणि त्याच्या कुटुंबाला समाजच पोसतो. असं असताना यात आपल्याखेरीज कुणाचा संबंध नाही असं त्याला कसं वाटू शकतं, हे आम्हाला उमगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला.

मला स्वतःला हा युक्तिवाद बहुतांशी पटतो, पुरता पटत नाही. त्याच न्यायानं उद्या वडापावावरही बंदी घालता येईल. फरक इतकाच की हेल्मेटनं माणसाचं स्वातंत्र्य फार थोडं जातं. गाडी तीच, रस्ता तोच, वेळ तितकाच. डोक्यावर किलो-सव्वा किलोचं ओझं आणि उन्हाळ्यात घाम.

## मान, कान आणि डोळे

‘हेल्मेटच्या वजनानं मान मोडते’ ही भीती १९८० च्या दशकातल्या एका अभ्यासावरून पसरली, आणि तिच्या आधारे अमेरिकेत कायदेही सैल करून मागितले गेले. २०११ मध्ये ४० हजारांहून अधिक जखमींच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा उलटंच दिसलं: हेल्मेटवाल्यांत मानेच्या मणक्याच्या दुखापतीची शक्यता २२ टक्क्यांनी कमी होती. ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, या तक्रारींनाही हर्टच्या अपघातांत आधार सापडला नाही. घाम येतो, केस चिकटतात, पार्किंगमध्ये ठेवायला जागा नसते, या तक्रारी मात्र शंभर टक्के खऱ्या आहेत.

## हीच सूट पुण्या-नाशकात आली तर?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नं हेल्मेट देशभर बंधनकारक आहे, मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित, अशी तरतूद आहे. २०२२ मध्ये देशात ७४ हजार ८९७ दुचाकीस्वार रस्त्यावर मेले. हेल्मेट न घातलेले मृत त्या वर्षी ५० हजार २९ होते, त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले.

अमेरिकेत एकूण वाहनांत मोटरसायकली ३ टक्क्यांच्या आसपास आहेत. बहुतेकांसाठी ती रविवारची हौस असते आणि तिच्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे दुचाकी म्हणजे दूध, शाळा, कंपनी, मंडई आणि दवाखाना. १८ व्या वर्षी लायसन्स मिळतं, आणि खरं सांगायचं तर हात त्याआधीच बसलेला असतो. पेनसिल्व्हेनियाची ‘दोन वर्षांचं लायसन्स’ ही अट लावली तर तिसऱ्या वर्षातलं कॉलेजचं पोर ‘अनुभवी’ ठरतं. पाच-दहा वर्षांची अट लावली तरी सकाळी नऊ वाजता कर्वे रस्त्यावरचे निम्म्याहून अधिक चालक तीत सहज बसतील. तिथं सूट म्हणजे अपवाद असेल, इथं सूट हाच नियम होईल.

आणि मागे बसलेल्या माणसाच्या अनुभवाचं काय करायचं? डबलसीट बसलेल्या आईला किंवा बहिणीला गाडी चालवायचा अनुभव असो वा नसो, पडताना तिच्या हातात हँडल नसतं.

## ‘मग शिखांना कशी चालते सूट?’

पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला कलम १२९ नं सूट आहे. ब्रिटनमध्येही १९७६ पासून आहे. ती सूट श्रद्धेच्या आधारावर दिलेली आहे, पगडी हेल्मेटचं काम करते म्हणून नाही. तिच्यावर वाद घालता येईल. पण अंमलबजावणीच्या दृष्टीनं तिच्यात एक गुण आहे: पगडी पन्नास फुटांवरून दिसते. चौकातल्या मामांना कागद मागावा लागत नाही, त्यामुळे ती सूट दुसऱ्यांकडे झिरपत नाही.

मग अनुभवही दिसेल असा करा, असं कुणी सुचवेल. स्टिकर द्या, वेगळी नंबरप्लेट द्या. फ्लोरिडात २१ च्या आतल्या व्यक्तीच्या नावावर असलेल्या मोटरसायकलला वेगळ्या रंगाची प्लेट असते, ती याच अडचणीतून आली. पण प्लेट गाडीला लागते, माणसाला नाही. आपल्या घरातली ॲक्टिव्हा सकाळी बाबा ऑफिसला नेतात, दुपारी आई बँकेत नेते, संध्याकाळी मुलगा क्लासला नेतो आणि सुट्टीत भाचा आला की तोही किल्ली मागतो. त्या गाडीवर ‘अनुभवी’ असा स्टिकर लावला तर तो यांच्यापैकी कुणाचा?

सूट देण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारी झालेलाही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारनं शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक असल्याचं जाहीर केलं. शहरात वेग कमी असतो, लग्नाकार्याला जाताना गैरसोय होते, अशी कारणं त्या वेळी चर्चेत होती. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं त्यावर विचारणा केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि काही आठवड्यांतच सरकारला हेल्मेट सक्तीचंच आहे असं सांगावं लागलं.